दहाच्या आत चांदणी

दर ऑगस्टमध्ये हा तक्ता मीच छापते.
काउंटीच्या चार प्राथमिक शाळा, चार उभे रकाने,
आणि डावीकडे जे जे मोजता येतं ते:
वाचन, गणित, हजेरी,
एका शिक्षकामागे मुलं किती,
फुकट जेवण कितींना.

कोर्टहाउसजवळच्या शाळेचे आकडे धडधाकट.
धान्याच्या कोठारांमागची मध्यम,
तिला कोणी नावं ठेवत नाही, कोणी विचारतही नाही.
नदीकाठची यंदा घसरली.
तिथल्या गणिताच्या बाईंना जुळं झालं,
मार्चपासून फळ्यापुढे दर आठवड्याला नवं माणूस.
जुळ्यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

चौथी प्लम क्रीकची.
तिसरीत नऊ मुलं.
दहाच्या आत पट असला तर आकडा द्यायचा नाही,
मुलं ओळखू येतील, असा नियम.
म्हणून तिथे मी चांदणी टाकते.

ओळखू येतील!
ट्रकच्या आवाजावरून ट्रकवाला ओळखणारी माणसं आम्ही.
कोल्टरमनांचा ड्वेन अजून अक्षरं उलटी काढतो
हे पेट्रोल पंपावरसुद्धा ठाऊक आहे.
आणि परीक्षेच्या सकाळी ह्रुबींची गाय अडली,
टॅम्सिन कंदील धरून गोठ्यात उभी राहिली.
एक मुलगी घरी राहिली,
अकरा टक्के घरी राहिले.
शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात.
इथे पातेल्यातच नऊ शितं.

मंगळवारी रोसौरा मेद्रानो आली.
नवरा फीडलॉटवर लागलाय, घर मिळालंय नेमकं हद्दीवर,
दोन्हींकडे बस जाते.
बरोबर मुलगी, इट्झेल, आठ वर्षांची,
बुटांना वाटेतल्या तीन राज्यांची धूळ.
"चांगली कुठली?"
आम्ही शिफारस करत नाही, असं मी म्हणाले,
आणि तक्ता पुढे सरकवला.
ती बोट ओळीवरून नेत गेली
औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं तशी.
मुलीचं बोट मात्र थेट कोपऱ्यात.
"हिला चांदणी मिळालीय.
म्हणजे हीच पहिली ना?"

मला हसू आलं, मग आलं नाही.
नियम समजावला. दहाच्या आत.
रोसौरानं विचारलं, आत म्हणजे किती?
नऊ.
तिनं मुलीकडे पाहिलं,
सुट्टे पैसे मोजून पुरतील का बघावं, तसं.

मी पुष्कळ सांगितलं नाही.
ऑक्टोबरात बोर्डाची बैठक आहे,
विषयपत्रिकेवर प्लम क्रीकचं छप्पर आहे
आणि छप्पर म्हणजे छप्पर नव्हे.
त्या वर्गात मीही होते,
खिडकीपासून दुसरी रांग, हीटर खोकायचा,
अजून खोकतो.
फोगेलझांग बाई शेवटचा ट्रक वळेपर्यंत
पायरीवरून हलत नाहीत, उणे वीस असलं तरी.
सांगायला हवं होतं.
शिफारस झाली असती.

तिनं तक्त्याची चौघडी केली,
पर्समध्ये बिलांशेजारी ठेवली
आणि पेन मागितलं.
अर्जावर लिहिलं: प्लम क्रीक.
का, ते मी विचारलं नाही.
बस सात मिनिटं आधी येते म्हणून असेल.
चांदणीमुळेही असेल.

दहा झाले.
पुढच्या ऑगस्टला चांदणी जाईल,
तिथे आकडा येईल, उघडा,
नऊ जणांचा आणि हिचा मिळून,
शाळा तोवर राहिलीच तर.
तो कसा येईल?
इट्झेल वाचते कशी, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

जाताना ती दारापाशी थांबली,
काचेवरची पाटी पाहिली,
ओठ हलवले, एकेक अक्षर सुटं,
मग मोठ्यानं, आईसाठी:
ढकला.
आमचं दार जड आहे.
तिनं खांदा लावला.